उसातली भीती कुठल्या गावची? : ‘लपाछपी’ आणि ‘छोरी’

(भुसावळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, की व्याख्यानाला भुताचा सिनेमा कशाला? शेती आहे, पाणी आहे, तापी आहे, त्यावर बोला. त्यांचं चुकलं असं नाही. पण भुताच्या सिनेमातही शेती असते, विहीर असते, घर असतं, आणि घरातल्या माणसांनी एकमेकांपासून लपवलेलं काहीतरी असतं. आज ज्या दोन सिनेमांबद्दल बोलायचं आहे त्यांत हे सगळं आहे. पहिला मराठी, ‘लपाछपी’. १४ जुलै २०१७ ला थिएटरात आला. दुसरा हिंदी, ‘छोरी’. २६ नोव्हेंबर २०२१ ला अॅमेझॉन प्राइमवर आला. गोष्ट एकच, दिग्दर्शकही एकच, विशाल फुरिया. म्हणजे त्यांनी आपल्याच सिनेमाचा रीमेक केला.

आधी रीमेकबद्दल थोडं. ‘जुना चांगला की नवा चांगला’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर ठीक आहे. पण त्यात फार काही हाताला लागत नाही. आम्हाला वाटतं, विचारायचा प्रश्न असा आहे : गोष्ट नव्याने सांगताना भीतीचा पत्ता बदलला का? आणि बदलला असेल तर त्या बदलाचा फायदा कोणाला झाला?

पत्ता म्हणजे काय, ते बघा. १९२२ साली जर्मनीत मुर्नाऊने ‘नोस्फेरातू’ काढला. ती खरं म्हणजे ‘ड्रॅक्युला’चीच गोष्ट. परवानगी घेतली नव्हती, म्हणून नावं बदलली आणि इंग्लंडऐवजी ते भूत एका जर्मन गावात उतरवलं. लेखकाच्या विधवेने कोर्टात खेचलं, प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला, तरी काही प्रती वाचल्या. पुढे १९७९ मध्ये हर्झोगने आणि २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्सने तोच सिनेमा पुन्हा केला. मुर्नाऊने पत्ता बदलला तो चोरी झाकायला. पण त्यामुळे झालं असं, की महायुद्धातून आणि साथीतून नुकत्याच उठलेल्या जर्मन प्रेक्षकाला मरण स्वतःच्या गावच्या गल्लीतून चालत येताना दिसलं. पत्ता जवळ आला आणि भीती वाढली.

उलटं उदाहरण ‘सायको’चं. हिचकॉकचा १९६० चा सिनेमा गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये जवळजवळ शॉट बाय शॉट, फक्त रंगीत करून पुन्हा काढला. कॅमेरा तिथेच, संवाद तेच, आणि तरीही तो बेचव लागतो. म्हणजे नुसती नक्कल करून भीती येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९९३ चा मल्याळम ‘मणिचित्रताळ्’ तुम्ही पाहिला नसेल, पण त्याचा हिंदी अवतार म्हणजे २००७ चा ‘भूल भुलैया’ नक्की पाहिला असेल. मल्याळममध्ये ती झपाटलेली बाई कोणती भाषा बोलते? तमिळ. ती तंजावरची नर्तकी. मग २००५ मध्ये हीच गोष्ट तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ म्हणून आली. आता तिथे भूत तमिळ कसं असेल? तिथे ते तेलुगू बोलायला लागलं. हिंदीत आली तेव्हा मंजुलिका झाली बंगाली. गंमत आहे की नाही? भूत नेहमी शेजारच्या राज्यातलं. घर आपलं, माणसं आपली, पण झपाटणारी बाई परभाषिक. या हिशेबात भारतातला भयपट फार घरंदाज आहे. तो भुताला घरचं रेशनकार्ड देत नाही.

आता ‘लपाछपी’कडे येऊ. गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवटची कलाटणी फोडत नाही. नेहा आठ महिन्यांची गरोदर आहे. नवऱ्याने कुठून तरी पैसे घेतलेत, ते परत देता येत नाहीत आणि वसुलीवाले मागे लागलेत. म्हणून ड्रायव्हरच्या ओळखीने दोघं लांबच्या एका खेड्यात लपायला जातात. एकटं घर, आणि चारही बाजूंनी ऊस. घरात एक म्हातारी बाई. ती नेहाचं करते, सवरते, तिला खाऊ घालते. आणि उसात मुलं खेळत असतात, जी असायला नकोत.

या बाईचं काम उषा नाईक यांनी केलं आहे. मराठी पडद्यावर इतकी वर्षं आपण पाहिलेला हा चेहरा. तिथेच निम्मी भीती आहे. ही बाई परकी वाटत नाही. पदर सारखा करत बोलणारी, ‘खाऊन घे बाई’ म्हणणारी अशी बाई आपल्या प्रत्येकाच्या घरात, निदान नात्यात तरी असते. तिची माया आणि तिचा धाक यांत फरक कुठून सुरू होतो हे नेहाला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. नेहा झालेल्या पूजा सावंतलाही श्रेय द्यायला हवं. तिचं गरोदरपण पोटाला उशी बांधून आणल्यासारखं वाटत नाही. उठता-बसताना, पळताना तिचा जीव जड झालेला दिसतो.

दुसरी गोष्ट ऊस. आपल्याकडे जुने लोक चकवा लागला म्हणतात. रात्री शेतातून घरी यायला निघालेला माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो. रावेर, यावल, सावद्याकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. वाढलेल्या केळीच्या बागेत पाच-सहा ओळी आत शिरलं की बाहेरचा रस्ता दिसत नाही, सगळी खोडं सारखी. ‘लपाछपी’तला ऊस हा तसला चकवा आहे. त्यासाठी मोठा खर्च लागलेला नाही. शेताची ओळख असलेल्या माणसाला ती भीती आपोआप समजते.

तिसरी गोष्ट नाव. लपाछपी म्हणजे पोरांचा खेळ. ज्याच्यावर राज्य असतं तो डोळे मिटून आकडे मोजतो, बाकीचे लपतात. राज्य असलेल्याला वाटतं आपण शोधतोय. आणि मागून कोणीतरी येऊन पाठीवर धप्पा देतं. या नावात सिनेमाचा सगळा विचार आहे, पण तो आधी कळत नाही. नेहा लपायला आलेली आहे. कर्जबुडवे लपलेले आहेत. घराने काहीतरी लपवलंय. आणि ज्या पोरी लपवल्या गेल्या, म्हणजे जन्मताच नाहीशा केल्या गेल्या, त्यांचा धप्पा शेवटी बसतो. होय, विषय तोच आहे. मुलगी नको म्हणून तिला मारून टाकणं. सिनेमा हे तुम्हाला तासभर सांगत नाही. तुम्ही भुताला घाबरत बसता आणि मग लक्षात येतं, की भूत हे गुन्हेगार नाहीच, ते फिर्यादी आहे.

हेही आपल्या लोकसमजुतीतलंच. बाळंतपणात किंवा गरोदरपणी मेलेली बाई हडळ होते, अळवंत होते असं म्हणत. त्या समजुतीत बाईची भीती घातली होती, पण कुठेतरी हेही मान्य केलेलं होतं, की त्या बाईवर अन्याय झालाय आणि तिचा हिशोब चुकता व्हायचाय. ‘लपाछपी’ने हा जुना धागा उचलला आणि त्याला आजचा गुन्हा बांधला.

आता ‘छोरी’. आम्ही काही जणांनी हे दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ पाहिले. मराठी आधी, हिंदी नंतर, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर. पाहताना पहिला फरक जाणवला तो तंत्राचा. हिंदीत पैसा जास्त आहे. अंधार जास्त नीट रंगवलाय, आवाज जास्त बारकाईने बसवलेत. नुसरत भरुचाला आपण ‘प्यार का पंचनामा’सारख्या विनोदी सिनेमातून ओळखत होतो. तिने इथे सिनेमाचा सगळा भार एकटीने पेलला आहे. म्हातारीच्या भूमिकेत मीता वशिष्ठ. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेली ही नटी. आवाज न चढवता ती खोलीतली हवा थंड करते. अभिनयात ‘छोरी’ कुठे कमी पडतो असं आम्ही म्हणणार नाही.

मग खटकलं काय? सर्वांत आधी नाव. ‘छोरी’ म्हटल्यावर विषय पोस्टरवरच कळला. लपाछपीचा डाव सुरू होण्याआधीच कोण कुठे लपलंय ते सांगून टाकलं. त्यामुळे सिनेमाचा स्वभाव बदलला. मराठीत आपण भीतीतून विषयापर्यंत पोचतो. हिंदीत विषय आधी ठाऊक असतो आणि भीती त्याचं उदाहरण म्हणून येते. साधारण दोन तास नऊ मिनिटांचा हा सिनेमा मधे लांबल्यासारखा वाटतो त्याचं कारण हेच. प्रेक्षकाला उत्तर माहीत असलेला प्रश्न सिनेमा पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

दुसरं, पाहण्याची जागा. थिएटरात अंधार तुमच्या हातात नसतो. घरी रिमोट हातात असतो. आम्ही पाहत होतो तेव्हा एका घाबरवणाऱ्या प्रसंगात कोणीतरी पॉज केलं, चहा टाकला, बिस्किटं आणली आणि मग म्हातारी पुन्हा बोलायला लागली. ती थांबून वाट बघत होती आमच्या चहाची! थांबवता येते ती भीती वेगळी असते. हा दोष दिग्दर्शकाचा नाही, पण रीमेकबद्दल बोलताना तो कसा पाहिला गेला हे धरावं लागतं.

आणि तिसरं, आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. भाषा आणि जागा. ‘छोरी’तली म्हातारी हरियाणवी ढंगाची बोली बोलते. हिंदी सिनेमाचा विचार केला तर हे सोयीचं आहे. मुलगी मारणं म्हटलं की सगळ्या देशाच्या मनात पहिलं नाव येतं हरियाणाचं. त्यामुळे गोष्ट पटवायला वेळ लागत नाही. चित्रीकरण मात्र हरियाणात झालेलं नाही. ते झालं मध्य प्रदेशात, होशंगाबादच्या भागात. म्हणजे आपल्या स्टेशनवरून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर चार-पाच तासांत तुम्ही त्या मुलखात असता. बोली लांबची आणि ऊस शेजारचा, असा हा मामला.

आमच्यातलाच एक जण सिनेमा संपल्यावर म्हणाला, ‘भयानक आहेत बुवा तिकडचे लोक.’ कोणी काही बोललं नाही. कारण ‘लपाछपी’ संपल्यावर ‘तिकडचे’ हा शब्द कोणालाच वापरता आला नव्हता. तिथे म्हातारी मराठी बोलत होती.

भुसावळला ‘तिकडचे’ म्हणणं तसं अवघडच आहे. हे जंक्शनचं गाव. मुंबईची गाडी इथून, नागपूरची इथून, इटारसीची इथून. रेल्वे कॉलनीत एका भिंतीपलीकडे हिंदी, दुसऱ्या भिंतीपलीकडे तेलुगू, बाजारात लेवा गणबोली, धुळ्याकडचे पाहुणे आले की अहिराणी. मुलीला अहिराणीत आंडेर म्हणतात. शब्द किती मायेचा आहे. पण शब्द मायेचा असला म्हणून आकडा मायेचा होत नाही. आता आकडा ऐका.

२०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हरियाणात दर १००० मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या. आणि आपल्या जळगाव जिल्ह्यात? ८४२. फरक आठाचा. याच्यापुढचं आणखी वाईट आहे. २००१ मध्ये हरियाणाचा आकडा ८१९ होता, म्हणजे दहा वर्षांत तो थोडा का होईना वर आला. जळगावचा २००१ चा आकडा होता ८८०. तो ८४२ वर आला, म्हणजे घसरला. बीडमध्ये तर ८९४ वरून ८०७. हरियाणाच्याही खाली. त्याच बीडमधल्या परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण २०१२ मध्ये उघड झालं, ते आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती वेळेवर झाली नाही. म्हणून आपल्याला अजून या आकड्यांशीच बोलावं लागतं.

म्हणजे ‘छोरी’ने भीतीचा पत्ता मराठी घरातून उचलून उत्तरेत नेला, त्याच्या कितीतरी आधी गुन्हा आपल्या पत्त्यावर येऊन राहिलेला होता. ‘तिकडचे’ म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवलं ते आपल्यापासून आठ पावलांवर होते, आणि तेही आपल्या उलट दिशेने चालत होते.

इथे निष्पक्षपणे बोलायचं तर मूळ सिनेमालाही एक प्रश्न विचारायला हवा. ‘लपाछपी’नेही गुन्हा कुठे ठेवला? खेड्यात. कोणाच्या हातात दिला? एका म्हाताऱ्या, अडाणी, जादूटोण्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईच्या. तो कशाने केला? जुन्या क्रूर रीतीने. शहरातला, शिकलेला प्रेक्षक तिथे हळूच सुटतो. प्रत्यक्षात काय झालं? महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर १९८८ मध्ये कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. हे कायदे म्हातारीसाठी केलेले नव्हते. ते यंत्रासाठी होते, डॉक्टरसाठी होते, गाडी करून तालुक्याला जाणाऱ्या, फी भरू शकणाऱ्या कुटुंबासाठी होते. मुली उसात हरवल्या नाहीत, त्या एसी लावलेल्या खोलीत, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बघून हरवल्या. त्या खोलीचा भयपट मराठीत अजून कोणी काढलेला आम्ही तरी पाहिलेला नाही. त्यात ना घुंगरू वाजतील, ना दिवे विझतील. पेढा की बर्फी, एवढंच कोणीतरी हळू आवाजात विचारेल.

आणि दोन्ही सिनेमांत राग जाऊन बसतो तो बहुतेक बाईवर, सासूसारख्या दिसणाऱ्या बाईवर. ती राबवते ते राज्य कोणाचं, वंशाचा दिवा कोणाला हवाय, जमीन कोणाच्या नावावर जायची आहे, हे सिनेमा सांगायचा प्रयत्न करतो, नाही असं नाही. पण आपल्या डोळ्यांसमोर राहतो तो म्हातारीचा चेहरा. चांगला नट असला की असंही होतं, कामगिरीच विषयाला झाकून टाकते.

मग रीमेक करायलाच नको होता का? असं आमचं म्हणणं नाही. जपानी दिग्दर्शक ताकाशी शिमिझू यांनीही आपल्याच ‘जू-ऑन’चा २००४ मध्ये हॉलिवूडसाठी ‘द ग्रज’ केला. त्यांनी मुख्य माणसं अमेरिकन घेतली, पण घर टोकियोतलंच ठेवलं. नवा प्रेक्षक आणायचा तर तो भुताच्या दारात आणायचा, भुताला त्याच्या सोयीच्या गावी हलवायचं नाही, असा एक मार्ग त्यात दिसतो. ‘छोरी’लाही तो घेता आला असता. हिंदी बोलणारं जोडपं महाराष्ट्रातल्या उसात येऊन अडकलं असतं आणि म्हातारी मराठी बोलली असती, तर काय बिघडलं असतं? अर्थात मग देशभरचे लोक आपल्याला ‘तिकडचे’ म्हणाले असते, मंजुलिकेसारखे. ते आपल्याला आवडलं असतं का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्याशी विचारून बघावा. आम्हाला वाटतं, पहिल्यांदा राग आला असता, आणि मग तो जळगावचा आकडा आठवला असता.

हेही खरं, की ‘छोरी’मुळे ही गोष्ट कितीतरी जास्त लोकांपर्यंत गेली. ज्यांना मराठी येत नाही, ज्यांनी ‘लपाछपी’चं नावही ऐकलं नव्हतं, त्यांनी ती पाहिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘छोरी २’ही आला. गोष्ट मोठी झाली, प्रेक्षक वाढला. ते श्रेय देऊनच आमची तक्रार उभी राहते : गोष्ट मोठी होताना आपल्या अंगावरून उतरली.

शेवटी एक मुद्दा सांगून थांबतो. २०११ मध्ये शून्य ते सहा वयाची जी मुलं मोजली गेली, त्यांतली बरीच आज आपल्या कॉलेजांतून शिकताहेत. त्या वर्गात जाऊन बघा. बाकं भरलेली असतात, हजेरी घेतली जाते, कुठेही रिकामी जागा दिसत नाही. न जन्मलेल्या मुलीचं नाव हजेरीपटात नसतं, त्यामुळे ती गैरहजरही लागत नाही. मुलांच्या लग्नाची वेळ आली की मात्र घरोघरी चिंता सुरू होते, की आपल्यात मुलीच नाहीत, बाहेरून बघावी लागेल. भूत नसतं म्हणणाऱ्याने ही एक गोष्ट समजावून सांगावी, की जे कधी आलंच नाही ते एवढं कसं जाणवतं?

तेव्हा मंडळी, दोन्ही सिनेमे बघा. शक्य तर ‘लपाछपी’ आधी बघा, दिवे बंद करून, पॉज न करता. मग ‘छोरी’ बघा. आणि बघून झाल्यावर घरातलं कोणी म्हणालं की हे सगळं तिकडे चालतं, तर वाद घालू नका. फक्त ८३४ आणि ८४२ हे दोन आकडे सांगा, आणि कुठला कोणाचा ते त्यांना ओळखायला लावा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.